‘कोंडून ठेवला तर सुटेल ना?’

“मॅडम, आठ-पंधरा दिवस खोलीत कोंडून ठेवला तर सुटेल ना?” आणि लगेच, आवाज खाली आणून, “हॉस्पिटलात नेला तर पोलिसांना कळेल का हो?” गोव्यात, म्हापशाच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत व्यसनात अडकलेल्यांच्या घरच्यांकडून हे दोन प्रश्न जोडीनेच येतात. पूर्वी ते दारूबद्दल असायचे, कधी गांजाबद्दल. आता किनाऱ्यावर कामाला जाणाऱ्या मुलांच्या घरून ‘आइस’, ‘क्रिस्टल’ ही नावं ऐकू येतात. म्हणजे मेथॅम्फेटामाइन, थोडक्यात मेथ. पेपरात रोज येणारं ‘एमडी’ म्हणजे मेफेड्रोन, ते वेगळं. घरच्यांच्या बोलण्यात मात्र दोन्ही एकच असतं, आणि पुडीत नक्की काय आहे हे पुष्कळदा घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

पेडणे तालुक्यातल्या एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. मुलाला सुयश म्हणू.

वय चोवीस. बारावीनंतर समुद्राकाठच्या एका हॉटेलात लागला. ऑक्टोबर ते मे हंगामात रात्रपाळी, आणि माणूस कमी पडला की तीच पाळी सकाळपर्यंत ओढायची. बरोबरच्या कुणीतरी काचेच्या नळीतून ओढायला दिलं. झोप पळाली, भूक गेली, अंगात वारं भरलं. मालक खूश, सुयशही खूश. ‘चैनीसाठी घेतलं असणार’ असं लोक धरून चालतात. मला भेटलेल्या पोरांपैकी बऱ्याच जणांनी पहिल्यांदा घेतलं ते काम रेटायला. पदार्थाचा इतिहासही तोच आहे. 1893 मध्ये जपानी शास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी तो प्रथम बनवला, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांना जागं ठेवायला याच्याच गोळ्या वाटल्या गेल्या.

घरी बदल दिसला तो हळूहळू. वजन उतरलं. दात एकमेकांवर घासायची सवय लागली, तोंड सतत कोरडं, त्यावर बाटल्याच्या बाटल्या कोल्ड्रिंक, आणि वर्षभरात दाढा किडल्या. हातावर खाजवून खाजवून जखमा. कातडीखाली किडे फिरतात म्हणायचा. मग संशय. शेजाऱ्याचा कॅमेरा आपल्यावरच रोखलाय, आई जेवणात काहीतरी घालते, मोबाईलमधून कुणी ऐकतंय. एका रात्री त्याने छताचा पंखा खोलून काढला.

आईला वाटलं बाहेरचं काही लागलं. दृष्ट काढली, देवीला कौल लावला, घाड्याकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, नेलं. मी यावर हसत नाही. घरात माणूस नसलेले आवाज ऐकू लागला की गावात पहिली वाट देवळाकडेच जाते, आणि आमच्याकडे यायला देवीची कधी हरकत नसते. पण हे आवाज नशेने मेंदूवर केलेल्या परिणामाचे होते. अशी अवस्था बहुतेकांत नशा थांबल्यावर काही दिवसांत ओसरते; काहींत महिनोन्‌महिने रेंगाळते, म्हणून मनोविकारतज्ज्ञाने बघावंच लागतं.

कौलाचा उपयोग झाला नाही तेव्हा बापाने आणि काकाने त्याला माडीवरच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली.

सुयश झोपला. दोन दिवस जवळजवळ सलग. उठला, भाताचं ताट रिकामं केलं, परत झोपला. आरडाओरडा नाही, मारामारी नाही. काका म्हणाला, “बघ, सुटला.” आईने देवीची ओटी भरली. अशा घरांत मला सगळ्यात जास्त काळजी याच दिवसांची वाटते, आणि घरच्यांना नेमकी तेव्हाच निश्चिंती वाटते.

दारू एकदम तोडली तर शरीर थरथरतं, फिट येऊ शकते, ते डोळ्यांना दिसतं. मेथचं तसं नाही. हा पदार्थ डोपामिन हे मेंदूतलं सुखाची जाणीव देणारं रसायन भरमसाट बाहेर ओततो आणि परत शोषूही देत नाही. त्याचा अंमल बारा-बारा तास टिकतो. पुढच्या पंधरवड्याची मजुरी आज रात्रीच उचलून उधळावी, तसा प्रकार. मग नशा थांबली की उरते ती रिकामी अवस्था. आधी गाढ झोप आणि खा-खा, नंतर उदासी, चिडचिड, कशातच रस नाही, आणि अचानक उसळणारी तलफ. जीव द्यावासा वाटण्याचा धोका या काळात मोठा असतो. सुयश चौथ्या दिवशी आईला दाराआडून म्हणाला, “मी नसलेलो बरा.” कडी बाहेरून होती. ज्या क्षणी माणूस जवळ हवा, त्या क्षणी मध्ये दार होतं.

तिने कडी काढली, जवळ बसली आणि नवऱ्याला न विचारता 14416 ला फोन लावला. ही टेलिमानसची सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन. दुसऱ्या दिवशी बांबोळीच्या मनोविकार संस्थेत नेलं, तिथून पुढे माझी गाठ पडली.

आता पोलिसांचं. बापाने मला विचारलं, “कागदावर नाव गेलं की केस होणार ना?” डॉक्टरकडे जाणं हा गुन्हा नाही, आणि उपचाराला आलेल्याची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. शिवाय 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात 64अ हे कलम आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. मेथसाठी अल्प प्रमाण म्हणजे 2 ग्रॅमहून कमी. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. आणि विकणाऱ्याला ते मुळीच नाही. 50 ग्रॅमच्या वर गेलं की व्यापारी प्रमाण, त्याला किमान दहा वर्षं. म्हणून मी घरच्यांना एक गोष्ट स्पष्ट विचारते: तो नुसता घेतो, की मित्रांना पोचवतोही? दुसरं असेल तर आधी वकील गाठा. हा प्रश्न कुणाला आवडत नाही.

“गोळी द्या ना काहीतरी.” हेही प्रत्येक घर मागतं. मेथची तलफ मारणारं मान्यताप्राप्त औषध आजही नाही. झोप, उदासी, संशय यांच्यासाठी डॉक्टर औषध देतात. व्यसनासाठी काम होतं ते बोलण्याचं आणि सवयी बदलण्याचं. त्यात सर्वांत भक्कम पुरावा आहे तो साध्या बक्षिसाला: लघवीची तपासणी स्वच्छ आली की लगेच काहीतरी चांगलं मिळायचं. तपासणीत साधारण दोन-तीन दिवसांपूर्वीपर्यंतचं सेवन सापडतं, म्हणून ती आठवड्यातून एकाहून जास्त वेळा करावी लागते.

बाप भडकला. “नशा केली नाही म्हणून बक्षीस? ते तर त्याचं कर्तव्य!” मी म्हटलं, “भाऊ, वर्षभर शिव्या देऊन पाहिल्या ना? आता महिनाभर हेही पाहू.” बक्षीस रोख नाही, कारण पैसे हातात आले की पाय कुठे वळतील सांगता येत नाही. तपासणी स्वच्छ तर संध्याकाळी स्कूटरची चावी आणि फुटबॉलचं मैदान. नाही तर चावी नाही, पण शिवीगाळही नाही, जेवण नेहमीसारखंच. तपासणी दवाखान्यात, घरी बापाने पोलीस व्हायचं नाही. त्याच वेळी एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी यांच्या चाचण्या झाल्या, हृदयाचा आलेख काढला. मेथ रक्तदाब चढवतं, ठोके बिघडवतं, तरुण वयात पक्षाघात किंवा हृदयविकार आणू शकतं. नशेत अंग भाजल्यासारखं तापलं, छातीत दुखलं, फिट आली तर 108 ला फोन करा. हेरॉइनसारख्या अफूवर्गीय नशेवर नॅलोक्सोन या औषधाचा उतारा आहे, मेथवर तसा नाही. अंग थंड करून लवकर पोचवणं एवढंच आपल्या हातात असतं.

गावाने काय केलं? 26 जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, शाळेची फेरी निघाली, फलक, घोषणा, फोटो, झालं. खरं काम केलं ते भजनी मंडळातल्या एका म्हाताऱ्या बुवांनी. सुयश लहानपणी पखवाज वाजवायचा. बुवा म्हणाले, “गुरुवारी ये, माणूस कमी आहे.” उपदेश नाही, चौकशी नाही. दुसरी मदत झाली ती हॉटेलातल्या व्यवस्थापकाची, आईने हात जोडल्यावर: दिवसपाळी, आणि सलग दोन पाळ्या नाहीत. खरं तर हे हात न जोडताच व्हायला हवं. गोव्यातच ‘संगाथ’ संस्थेने साध्या प्रशिक्षित माणसांकरवी प्राथमिक आरोग्य केंद्रांत अतिमद्यपींचं समुपदेशन केलं, त्याचा गुण आला, आणि ते काम 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मेथ म्हणजे दारू नव्हे. तरी गावातला ओळखीचा, उपदेश न करणारा माणूस उपयोगी पडतो हे मी रोज पाहते.

शिगम्यात सुयश घसरला. मिरवणुकीनंतर जुने सोबती, आधी बिअर, मग नळी. आई रडत आली, “सगळं मातीत गेलं.” मी विचारलं, “कोणी सांगितलं तुम्हाला?” “त्यानेच. सकाळी उठून.” वर्षापूर्वी तो पंखा खोलत होता. आता स्वतः सांगत होता, हे मी तिला मोजायला लावलं. त्या आठवड्यात चावी मिळाली नाही. बिअरही योजनेत आली: दारू चालेल आणि नळी नको, हे त्याच्याबाबतीत जमत नाही. नशेपासून वर्षाहून जास्त दूर राहिलेल्यांच्या मेंदूचे स्कॅन पाहता बिघाडातला काही भाग भरून येतो. पण त्याला तेवढा वेळ द्यावा लागतो.

परवा आई पुन्हा आली. आता काळजी वेगळी. “लग्न करून दिलं तर मार्गी लागेल ना, मॅडम? पेडण्यातलंच स्थळ आहे.”

“इतक्यात नाही. निदान वर्षभर स्वच्छ जाऊ दे. आणि मुलीच्या घरी आधी सांगायचं.”

“सगळं?”

“मुलीला तरी सगळं. आणि ते त्याने सांगायचं, तुम्ही नाही.”