आपल्या घरचं कॅरल

प्रिय सोनू,

काल गाडीत तू विचारलंस, "बाबा, मराठीत ख्रिसमसची गाणी असतात का? शाळेत सगळ्यांनी घरून एकेक जुनं आवडतं कॅरल आणायचंय." मी सिग्नलकडे बघत म्हणालो, "नसतात गं. आपलं नाही ते." तू गप्प बसलीस. रात्रपाळीला आलो, तरी तेच डोक्यात घोळत राहिलं. मी तुला चक्क चुकीचं सांगितलं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत हे लिहितोय. मोठ्याने वाच, अडलं तर आईला विचार.

मराठीत येशूच्या जन्माची गोष्ट चारशे वर्षांपासून आहे. आणि ती रचणारा माणूस कुठला, माहितेय? आपण राहतो त्या इंग्लंडमधल्या विल्टशायरचा! बुश्टन नावाचं खेडं आहे, स्विंडनहून गाडीने अर्धा तासही लागत नाही. तिथला थॉमस स्टीफन्स १५७९ साली जहाजाने गोव्याला गेला आणि पुढची चाळीस वर्षं तिथेच राहिला. जेझुइट पाद्री होता. कोकणी शिकला, मराठी शिकला, आणि आपल्या ज्ञानोबांनी जी ओवी वापरली त्याच ओवीत त्याने 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या! दगडगोट्यांत रत्न उठून दिसावं तशी भाषांमध्ये मराठी, असं त्यात त्याने म्हटलंय. १६१६ साली ते गोव्यात राशोलला छापलं, पण मराठी अक्षरांचे छपाईचे खिळे, म्हणजे ठसेच नव्हते, म्हणून रोमन अक्षरांत. तू आजीला व्हॉट्सअ‍ॅपवर 'kashi ahes' असं इंग्रजी अक्षरांत लिहितेस ना, तसंच.

त्या काळी गोव्यात पोर्तुगीजांनी देवळं पाडली, लोकांच्या पोथ्या काढून घेतल्या, हेही खरं आहे. पुस्तक गोड आहे म्हणून तो भाग गाळायचा नाही. ते तू मोठी झालीस की आपण नीट बोलू.

आता माझी खरी लाज. मी नगरचा. डिसेंबरमध्ये रात्री आमच्या गल्लीत ख्रिस्ती मंडळींची टोळी यायची, ढोलकी, टाळ आणि गळ्यात अडकवलेली पेटी घेऊन. दारोदार उभं राहून गायची. लहानपणी मला वाटायचं, हे भजनी मंडळच आहे, फक्त थंडीतलं. चाल तशीच, टाळ तसेच, शब्दांत मात्र बेथलेहेम. आजी आतून चहाचं आधण वाढवायची. आणि नाताळच्या दिवशी त्यांच्याकडून ताट यायचं त्यात काय असायचं? केक असायचाच, पण शेजारी करंज्या, शंकरपाळे, चकल्या. आमचा दिवाळीचा फराळ संपून महिना झालेला असायचा, त्यामुळे त्या ताटाची आम्ही भावंडं फार वाट बघायचो. एवढं सगळं बघितलेला माणूस काल म्हणतो, मराठीत नसतात!

त्या चाली भजनासारख्या का होत्या, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. नारायण वामन टिळक म्हणून कवी होते, कोकणातले. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले आणि पुढे नगरला राहिले. परदेशी चालींवर मराठी शब्द ओढून-ताणून बसवण्यापेक्षा अभंग, भजन, कीर्तन देवळातून चर्चमध्ये न्यावं, असं त्यांना वाटलं. त्यांनी स्वतः कितीतरी पदं लिहिली, कीर्तनं केली. त्यांची पदं मराठी चर्चमध्ये आजही म्हणतात.

तुला 'सायलेंट नाइट' आवडतं ना? ते १८१८ सालच्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात पहिल्यांदा गायलं गेलं. शब्द जोसेफ मोर या तरुण पाद्र्याचे, चाल फ्रान्झ ग्रुबर या शिक्षकाची, साथीला ऑर्गन नव्हे तर गिटार. एकदा मांडीवर ताल धरून म्हणून बघ. एक-दोन-तीन, चार-पाच-सहा. तबल्यावर दादरा लावला तर बरोब्बर बसतो. का? कारण ते मुळात बाळाला झोपवायचं गाणं आहे. आपल्याकडे त्याला पाळणा म्हणतात. ('जिंगल बेल्स'मध्ये मात्र येशूही नाही आणि ख्रिसमसही नाही, नुसती घोड्याची बर्फगाडी. १८५७ सालचं आहे ते, तिकडे आपल्या देशात उठाव चालू होता तेव्हाचं. तुझ्या मैत्रिणींना हे नक्की सांग, मजा येईल.)

आपल्याकडे रामनवमीला भर दुपारी बारा वाजता रामाचा पाळणा हलवतात, गोकुळाष्टमीला मध्यरात्री कृष्णाचा. बायका दोरी ओढत 'जो बाळा जो जो रे जो' म्हणतात आणि मग हातावर सुंठवडा ठेवतात. तुला तो तिखट लागला म्हणून तू थुंकली होतीस, आठवतं? तुझ्या बारशालाही आजीने तेच म्हटलं, व्हिडिओ कॉलवर, मध्येच आवाज तुटत असताना. पाळण्याजवळ फोन धरून उभा होतो मी.

तर शाळेत काय न्यायचं ते तू ठरव. नगरची मंडळी म्हणायची ती गाणी मला शब्दांनिशी येत नाहीत, अर्धवट सांगून उपयोग नाही. पाळणा म्हणायचा असेल तर मात्र बाईंना आधीच सांग, की हे कॅरल नाही, कृष्णाच्या जन्माचं गाणं आहे आणि आमच्या घरी बाळ आलं की म्हणतात. उगाच ख्रिसमसचं म्हणून खपवू नकोस. आणि थॉमस स्टीफन्सचं नाव सांगायचं असेल तर बुश्टन नकाशावर दाखव. रविवारी पाऊस नसेल तर आपण जाऊन येऊ. बघण्यासारखं तिथे काय असेल कोण जाणे, पण जाऊ.

पाळण्याचे शब्द आजीकडून घे. तिथे साडेपाच तास पुढे असतात, म्हणजे शाळेआधी फोन केलास तर ती दुपारच्या झोपेआधी सापडेल. दोन कडवी मला येतात. तिसऱ्याला मी नेहमी हूं हूं करतो, ते तिच्याकडून नीट लिहून घे.

तुझा,
बाबा