‘मला संगणकापेक्षा त्याच्यासमोरच्या माणसात रस आहे’

प्रश्न : माझी मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. गणित चांगलं आहे, थोडंफार प्रोग्रामिंग स्वतःचं स्वतः शिकली आहे. ती संगणक अभियांत्रिकीला जाणार असं आम्ही धरूनच चाललो होतो. आता ती म्हणते, ‘मला संगणकापेक्षा त्याच्यासमोर बसलेल्या माणसात रस आहे. तंत्रज्ञानानं समाजाचं काय होतं ते मला शिकायचंय.’ हे कोणत्या शाखेत बसतं? यातून पोट भरतं का? आणि कोड जर आता एआयच लिहिणार असेल, तर संगणक शिकण्यात तरी काय अर्थ उरला? – एक वडील

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमची खरी काळजी मधल्या प्रश्नात आहे हे कळलं. पण त्याचं उत्तर पहिल्यावर अवलंबून आहे, म्हणून तिथून सुरुवात करते.

मुलीला जे शिकायचंय त्याला एकच एक नाव नाही. म्हणून तर ते प्रवेशपुस्तिकेत सापडत नाही. कुठे ते संगणकशास्त्र विभागात ‘ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॲक्शन’ (माणूस आणि संगणक यांच्यातला व्यवहार) म्हणून शिकवतात, कुठे समाजशास्त्राच्या विभागात ‘विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज’ म्हणून, कुठे डिझाइनच्या संस्थेत, कुठे कायद्याच्या. नाव विखुरलेलं असलं तरी काम मात्र बरंच जुनं आहे.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात ल्यूसी सचमन ही मानववंशशास्त्राची विद्यार्थिनी काम करत होती. मानववंशशास्त्राची, अभियांत्रिकीची नव्हे! कंपनीचं नवं फोटोकॉपी मशीन वापरायला किचकट आहे, अशी तक्रार येत होती. सचमननं दोन-दोन माणसांना मशीनसमोर उभं केलं, कॅमेरा लावला आणि ती काय करतात, एकमेकांशी काय बोलतात ते टिपलं. त्यात दोन नामवंत संगणकशास्त्रज्ञही होते. कागदाच्या दोन्ही बाजूंना प्रती काढताना तेही अडखळले. म्हणजे वापरणाऱ्याला अक्कल नाही, हे नेहमीचं कारण बाद झालं. मशीनला मोजक्याच गोष्टी कळत होत्या : झाकण उघडलं, कागद ठेवला, बटण दाबलं. समोरचा माणूस का थांबलाय, त्याचा कशावरून गैरसमज झालाय, हे कळायची त्याला काही सोय नव्हती. माणूस आधी ठरवलेल्या पायऱ्या चढत जाईल, असं बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. माणसं मात्र समोर येईल ते बघत, चाचपडत पुढे जातात. हे काम १९८७ साली पुस्तकरूपानं आलं आणि आज संगणकशास्त्राचे विद्यार्थीसुद्धा ते वाचतात. तुमच्या दृष्टीनं कामाची माहिती पुढची आहे : सचमन त्या केंद्रात वीसेक वर्षं नोकरीत होत्या.

मुलीला नक्की कशात रस आहे हे समजून घ्यायचं असेल, तर तिच्याशी ब्रिटिश पोस्टाच्या ‘होरायझन’ प्रकरणावर बोला. १९९९पासून तिथल्या टपाल शाखांमध्ये फुजित्सू कंपनीची हिशेबाची प्रणाली आली. शाखेच्या हिशेबात तूट दिसली, की करारानुसार ती शाखाचालकानं, म्हणजे कंत्राटावर टपाल शाखा चालवणाऱ्या माणसानं, भरून द्यायची. प्रणालीत दोष होते, त्यामुळे नसलेली तूट दिसायची. लोक मदतीसाठी फोन करायचे, तेव्हा ‘अशी अडचण फक्त तुम्हालाच येते’ असं अनेकांना सांगितलं गेलं. चोरी आणि खोट्या हिशेबाच्या आरोपांवरून ९००हून अधिक जणांना दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले, अनेकांचं दिवाळं निघालं, काहींनी जीव दिला. संगणक नीट चालतोय असंच तिथलं न्यायालय गृहीत धरायचं. तो चुकला हे सिद्ध करायची जबाबदारी व्यवहारात आरोपीवर येऊन पडे, आणि त्यासाठी लागणारी कागदपत्रं मात्र दुसऱ्या बाजूच्या ताब्यात. ॲलन बेट्स या शाखाचालकानं इतरांना गोळा केलं, ५५५ जणांनी मिळून दावा लावला आणि २०१९मध्ये उच्च न्यायालयानं प्रणाली सदोष असल्याचा निकाल दिला. सरसकट शिक्षा रद्द करायला २०२४मध्ये संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला.

आता या प्रकरणात कोणाकोणाची गरज होती ते बघा. नोंदी वाचून दोष कुठे आहे ते दाखवणारा संगणकतज्ज्ञ. पुराव्याचा नियमच चुकीचा आहे हे ओळखणारी वकील. सुट्या सुट्या तक्रारींत एकच धागा पाहणारी पत्रकार. एका मोठ्या संस्थेत इतक्या साऱ्या चालकांवर अचानक चोरीचा आळ येऊ लागतो, हे आकड्यांवरूनच संशयास्पद आहे असं म्हणणारा संख्याशास्त्रज्ञ. आणि मुळात शाखेत जाऊन, काउंटरच्या आतल्या बाजूला बसून, हा पडदा माणसाला काय दाखवतो ते बघणारं कोणीतरी. यातलं कोणतं काम करायला आवडेल, असं मुलीला विचारा. ती जे उत्तर देईल त्यावर शिक्षणाची शाखा ठरेल. ‘तंत्रज्ञान आणि समाज’ हा विषय झाला. त्यात शिरायचे दरवाजे मात्र वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी आहे.

माझं स्वतःचं मत विचाराल, तर पहिली पदवी कुठल्यातरी एका पक्क्या विषयात घ्यावी. सगळ्याची थोडी थोडी ओळख करून देणाऱ्या आकर्षक नावाच्या अभ्यासक्रमांबद्दल मी साशंक असते. चार वर्षांनी मुलाला बोलता छान येतं, पण हातात देता येईल असं काम नसतं. तिचं गणित चांगलं आहे, तेव्हा संगणकशास्त्र किंवा संख्याशास्त्र घ्यावं आणि सोबत समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा अर्थशास्त्राचे विषय घेता येतील अशीच संस्था बघावी. गणित एकदा सुटलं, की पंचविशीत परत धरणं फार जड जातं. याचा अर्थ समाजशास्त्र सोपं आहे, फावल्या वेळात वाचून होईल, असा कृपा करून घेऊ नका. मुलाखत कशी घ्यायची, आपल्याला हवं ते उत्तर समोरच्याच्या तोंडी न घालता कसं ऐकायचं, हे शिकायला वर्षं जातात आणि संगणकवाल्यांना ते बहुधा येत नाही.

संख्याशास्त्राचं नाव मुद्दाम घेतलं. २०१८मध्ये जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संगणक-संशोधकांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या व्यावसायिक प्रणाली तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांच्या बाबतीत चुकांचं प्रमाण ०.८ टक्क्यांच्या वर गेलं नाही. गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत पोचलं. ‘हे अन्यायकारक वाटतं’ असं म्हणणारे पुष्कळ होते. पण सरासरी फोडून गटागटानं मोजायचं या दोघींनी मनावर घेतलं, तेव्हा कंपन्यांना दखल घ्यावी लागली. तुमच्या मुलीला तक्रार करायची नाहीये, समजून घ्यायचंय. मग मोजायला शिकणं आलंच.

आता पोटाचं. गोड बोलून फसवणार नाही. ‘समाजावरचा परिणाम अभ्यासणे’ एवढंच काम असलेल्या जागा थोड्या आहेत. त्या बहुतेक विद्यापीठांत, धोरणसंस्थांत किंवा मोठ्या कंपन्यांत असतात, आणि तिथे पोचायला बऱ्याचदा पदव्युत्तर शिक्षण लागतं. कंपन्यांतल्या जागा सुरक्षित असतात असंही नाही : २०२२-२३च्या नोकरकपातीत वापरकर्त्यांवर संशोधन करणाऱ्यांवरही कुऱ्हाड आली. म्हणून पहिली नोकरी हातातल्या कौशल्यावर मिळाली पाहिजे. डेटा विश्लेषण, सॉफ्टवेअरची चाचणी, उत्पादनाची रचना, माहितीची सुरक्षा आणि गोपनीयता, हे रोजचे दरवाजे आहेत. युरोपात माहिती-संरक्षणाचा नियम २०१८मध्ये लागू झाला, एआयबद्दलचा कायदा २०२४मध्ये अमलात आला. असे कायदे आले की ते वाचणारी आणि कोडही वाचू शकणारी माणसं लागतात. अंध, कर्णबधिर किंवा हात थरथरणाऱ्या माणसालाही वापरता येतील अशा वेबसाइट आणि ॲप बनवण्याचं कामही याच रस्त्यावरचं. त्याबद्दल विद्यार्थी मला फारसं विचारत नाहीत, याचं नवल वाटतं.

राहिला एआय. २०१६मध्ये एआयचे नामवंत शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन म्हणाले होते, की रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे, स्कॅन वाचणारे डॉक्टर) तयार करणं आताच थांबवलं पाहिजे. याच हिंटन यांना २०२४मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, म्हणजे बोलणारा माणूस लहानसहान नव्हता. एक्स-रे वाचायला यंत्रं खरंच मदत करू लागली. रेडिओलॉजिस्ट मात्र आजही हवेच आहेत. चित्र वाचणं हा त्यांच्या कामाचा एक भाग होता, सगळं काम नव्हे. पण याची उलट बाजूही सांगते. अमेरिकेत एटीएम आल्यावर बँकेतल्या रोखपालांची एकूण संख्या कित्येक वर्षं घटली नव्हती, कारण शाखा चालवणं स्वस्त पडल्यानं नव्या शाखा निघाल्या. हे उदाहरण आशावादी लोक नेहमी देतात. पुढे मोबाइलवर बँक आली आणि ती संख्या घसरू लागली, हे सांगायचं मात्र राहून जातं. तेव्हा ‘काही होत नाही’ असं मी म्हणणार नाही. सांगितलेलं तेवढंच टाइप करून देणारा प्रोग्रामर अडचणीत येईल असं मला वाटतं. तरी यंत्रानं लिहिलेला कोड बरोबर आहे का, तो कोणाला लागू होणार, चुकला तर कोणाचं नुकसान, हे तपासायचं तर कोड वाचता यायलाच हवा. होरायझनच्या बहुतेक शाखाचालकांना तेवढंच येत नव्हतं, कागदपत्रंही हाती नव्हती, आणि ज्यांना येत होतं ते बहुतेक दुसऱ्या बाजूला होते.

आता या सुट्टीत काय करावं? ‘एआय एथिक्स’ची तीन आठवड्यांची प्रमाणपत्रं गोळा करू नयेत. त्याऐवजी ओळखीतल्या चार-पाच माणसांना, वेगवेगळ्या वयाच्या, एकच सरकारी किंवा बँकेचं ॲप वापरताना शेजारी बसून बघावं. त्यांची परवानगी घेऊन, आणि पासवर्ड, ओटीपी, खात्याचे तपशील यांपासून दूर राहून. मदत करायची नाही, हे सगळ्यात कठीण आहे. माणूस कुठे थांबला, काय पुटपुटला, कोणता शब्द त्याला कळला नाही, कुठे त्यानं नुसतंच ‘मान्य आहे’ दाबलं, ते लिहून ठेवावं. मग त्यातली एक अडचण निवडून तो पडदा कसा असायला हवा होता, याचा साधा नमुना बनवावा, आणि त्याच माणसांसमोर परत ठेवावा. प्रवेशाच्या मुलाखतीत अशा दहाएक पानांच्या नोंदींचं वजन प्रमाणपत्रांपेक्षा जास्त पडतं. शिवाय हे करताना कंटाळा आला, तर तेही आत्ताच कळलेलं बरं. मग तिनं सरळ अभियांत्रिकीला जावं, त्यातही काही वावगं नाही.

तिची ही पानं झाली की मला जरूर पाठवा. शाखेचा निर्णय त्यानंतर घेऊ.

ता. क. : लॅपटॉप कोणता घ्यावा हे तुम्ही वेगळ्या चिठ्ठीत विचारलंय. इतक्यात घेऊ नका. प्रवेश झाल्यावर विभाग काय सांगतो ते बघून ठरवा. तोवर पायथन (प्रोग्रामिंगची एक भाषा) आणि स्प्रेडशीटला घरातला जुना संगणक पुरतो.