आक्काआजीचं रेशीम

चिनू,

रविवारी फोनवर तू आक्काआजीला विचारलंस, "किडे उकळून काढलेलं रेशीम देवाला कसं चालतं?" ती हसली. लागलं मला. तू खोटं काही बोलली नाहीस. पतंग कोश फोडून बाहेर आला तर सलग धागा तुटतो, म्हणून आधीच कोश उष्णतेत घालतात. एकेका कोशात शेकडो मीटर, कधी हजारावर मीटर धागा असतो. आम्हाला हे ठाऊक असतं तरी सांगलीत गावभागातल्या आमच्या घरात कुणी विचारलं नसतं.

गणपतीत आक्का लाल रेशमी नेसून मोदक करायची आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर. शिवायचं नाही! सुती सोवळं रोज धुऊन, कुणाचा हात लागणार नाही असं उंच वाळत घालायचं. बापूंचा मुकटा, म्हणजे रेशमी सोवळं, मात्र खुंटीवरून सरळ कमरेला. रेशमाला मळ पटकन धरत नाही, हे खरं. पण तेवढ्यानं ते पवित्र होतं असं मी तुला सांगणार नाही. भांडी घासणाऱ्या मावशी मागच्या दारातूनच परत जायच्या, हेही त्याच घरातलं.

माझं रेशीम दुपारचं. आक्काचं माहेर धारवाडकडचं. जेवणं आवरली की ती इरकलीच्या पदरावर कशिदा काढायची: गोपुरं, तुळशीवृंदावन, हत्ती. नक्षी छापून घेणं तिला कमीपणाचं वाटे. कापडाचे धागे मोजत सुई चालायची. गवंती टाक्यात जाताना एकाआड एक जागा भरायची, परतताना उरलेल्या. गाठ कुठेच नाही, म्हणून उलट-सुलट सारखंच. सुताचा धागा तिला चालत नसे. रेशीम बारीक असून चिवट, रंगही खोलवर धरतं. पण भाकरी थापून खरखरीत झालेल्या तिच्या बोटांना ते अडकायचं, म्हणून सुईत ओवायला मी. सकाळी शिवू नको म्हणणारी आक्का दुपारी मला अगदी मांडीशी घेऊन बसायची.

फेरीवाल्याच्या लडीतला एक धागा ती काडीवर जाळून बघायची. केस जळल्यासारखा वास आला आणि राख चिमटीत भुगा झाली की खरं. केसाचा वास! कुणाच्या तरी अंगातून आलंय हे, एवढं तेव्हा मनात यायला हरकत नव्हती.

पतंग उडून गेल्यावर कोश कातून केलेलं रेशीमही मिळतं. आसामकडचं एरी पुष्कळदा तसंच असतं. त्याला तेवढी चकाकी नसते. आक्काला दाखवलं तर नाक मुरडेल, पण दाखवू.

दिवाळीला ती तुला गुळेदगुडच्या खणाचं परकर-पोलकं शिवणार आहे. त्या खणात सूत आहे तसं रेशीमही आहे. नको असेल तर राग नाही, सुती इरकल घेऊ. मात्र तिला तूच सांग, आणि या आठवड्यातच. खण शिंप्याकडे गेला की ती ऐकणार नाही.

— आई