पहिल्यांदाच मध्यस्थीला बसताय ना, मग एवढं सांभाळा

सगळ्यात आधी, तुम्ही न्यायाधीश नाही. नवीन माणूस इथेच चुकतो, दहा मिनिटं ऐकलं की "मग असं करा ना" म्हणून तोडगा देऊन मोकळा होतो, लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन परत तेच भांडण. तोडगा त्यांच्या तोंडून यायला हवा.

माझ्याकडे दोन भाऊ आले होते, आईला कोणी सांभाळायचं यावरून. दोन तास नुसता पैशांचा हिशोब, मग धाकट्याला वेगळं बसवून विचारलं तर म्हणाला, "दादाने एकदा तरी म्हणावं की तू केलंस." खरी गाठ तिथे होती.

सुरुवातीला एवढं बघा:
- दोघंही स्वतःच्या मर्जीने आलेत का.
- एकाने एकट्यात सांगितलेलं त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्याला सांगायचं नाही, एकदा फुटलं की विश्वास गेलाच.
- ठरलेलं लिहून घ्या, कोण, काय, कधीपर्यंत. "नीट वागू" म्हणजे काहीच ठरलं नाही.

आणि घरात मारहाण किंवा धाक असेल तर समेट घडवायला बसूच नका, आधी ज्याला त्रास होतोय त्या माणसाची सुरक्षितता आणि कायद्याची मदत. बाकी टेक्निक नंतर, आधी दोन-तीन सेशनला जुन्या मध्यस्थाशेजारी बसून नुसतं ऐका, जमेल तुम्हाला.