'०६ ७८' म्हणजे काय? जुन्या एअर रायफलींच्या नंबरांविषयी

प्रश्न : आजोबांच्या पेटीत डायना छापाची एअर रायफल सापडली. सिलिंडरच्या मागच्या टोकाला, डाव्या बाजूला '०६ ७८' असं ठोकलेलं आहे. ही कंपनीची सहाशे अठ्ठ्याहत्तरावी बंदूक म्हणायची का? मग ती शंभर वर्षं जुनी असेल ना?

उत्तर : आकडे पुन्हा एकदा नीट बघा. ०६ आणि ७८ यांच्यामध्ये जागा सोडलेली दिसेल. हा नंबर नाही, तारीख आहे : जून १९७८. जर्मनीतल्या रास्टाटच्या या कारखान्याने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कित्येक रायफलींवर महिना आणि वर्ष सरळ ठोकून ठेवलं. इतकी वर्षं जुन्या बंदुका उघडतो आहे, पण अशी तारीख दिसली की अजूनही त्या कामगारांना मनापासून धन्यवाद द्यावेसे वाटतात. शंभर वर्षांची नसली तरी तुमची बंदूक कोणत्या महिन्यात बनली हे तुम्हाला कळलं, आणि हे भाग्य फार थोड्या बंदुकांना लाभतं.

खात्रीसाठी आणखी दोन ठसे शोधा. पंचकोनातलं इंग्रजी 'एफ' दिसलं, तर बंदूक १९७० च्या आधीची नाही. साडेसात ज्यूलपर्यंत ताकद असलेल्या एअरगनसाठी जर्मनीत ही खूण १ जानेवारी १९७० पासून आली. ती नसली म्हणून मात्र बंदूक लगेच जुनी ठरवू नका. त्याहून जास्त ताकदीच्या बंदुकांवर ती नसतेच. 'मेड इन वेस्ट जर्मनी' असेल तर काळ १९४९ ते १९९० च्या आतला.

एक मात्र जपा. युद्धानंतर रास्टाटची यंत्रं आणि डायना हे नाव स्कॉटलंडच्या मिल्ब्रो कंपनीकडे गेलं. त्यामुळे धनुष्य टाकून बंदूक उंचावणारी देवी, म्हणजे डायनाचं बोधचिन्ह, ब्रिटनमध्ये बनलेल्या बंदुकांवरही दिसते आणि खुद्द जर्मन बंदुका ब्रिटनमध्ये 'ओरिजिनल' या नावाने विकल्या जात. महिना-वर्षाचा हिशेब जर्मन बनावटीलाच लावा.

प्रश्न : माझ्याकडे बीएसए या ब्रिटिश कंपनीची एअरस्पोर्टर एअर रायफल आहे, मित्राकडे बीएसए मीटिअर. त्याचा नंबर माझ्यापेक्षा बराच लहान आहे. मग त्याची बंदूक जुनी का?

उत्तर : असं ठरत नाही. सगळ्या मॉडेलांना मिळून एकच मोजणी नसते. नवं मॉडेल आलं की मोजणी बहुधा नव्याने सुरू होते. एअरस्पोर्टर १९४८ मध्ये आली, मीटिअर १९५९ मध्ये. मित्राचा नंबर कितीही लहान असो, मीटिअर १९५९ च्या मागे जाणार नाही. आधी मॉडेल, मग आकड्याआधीचं अक्षर, आणि शेवटी आकडा, या क्रमाने चला. अक्षर गाळून नुसता आकडा कळवणारी पत्रं बरीच येतात. त्यांना नेमकं उत्तर देता येत नाही.

प्रश्न : एका जुन्या बीएसएवर '८७६१/०४' आहे. १९०४ ची धरू का?

उत्तर : नका धरू. तो ब्रिटिश बंदूककार लिंकन जेफ्रीज यांच्या पेटंटचा क्रमांक आहे आणि ०४ हे पेटंटचं वर्ष. बीएसएने या बंदुका १९०५ पासून बनवल्या. पेटंट फक्त 'याआधीची नाही' एवढंच सांगतं. ब्रिटिश पेटंटांची मोजणी १९१५ पर्यंत दरवर्षी एकपासून सुरू व्हायची, म्हणून वर्ष जोडावं लागे. १९१६ पासून एक लाखाच्या पुढचे सलग क्रमांक आले. सीरियल नंबर वेगळा असतो, तो शोधा.

प्रश्न : गंजामुळे नंबर वाचता येत नाही. पॉलिश पेपर मारू का?

उत्तर : कृपा करून मारू नका. उमेदवारीच्या दिवसांत मी एका सिलिंडरवर पॉलिश पेपर फिरवला. दहा मिनिटांत लोखंड चकचकीत झालं आणि त्या नंबरातला शेवटचा आकडा कायमचा गेला. तीन होता की आठ, हे त्या मालकाला आता कोणीच सांगू शकणार नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

आधी बंदूक रिकामी आहे आणि स्प्रिंग ताणलेली नाही हे बघून घ्या. पातळ तेलाचे दोन थेंब सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी मऊ टूथब्रशने हलकेच घासून सुती कापडाने पुसा. मग त्या जागी खडूची बारीक पूड चोळून वरची पुसून टाका. खाचांत राहिलेली पूड आकडे उठवून दाखवते. तरीही दिसलं नाही, तर खोलीत अंधार करून टॉर्च अगदी आडवा धरा. समोरून उजेड पडला तर उथळ ठसा दिसत नाही, बाजूने पडला की आकड्यांच्या कडांना सावली येते. त्याच उजेडात फोटो काढा, एक डावीकडून आणि एक उजवीकडून, आणि दोन्ही पाठवा.