काकीचा तुरटपणा जातो कसा?

प्रश्न : मी मूळची भंडाऱ्याची असून गेल्या वर्षापासून जपानमध्ये नागोया येथे राहते. शेजारच्या आजींनी परसातल्या झाडाची आठ काकी फळे (नारिंगी रंगाची जपानी पर्सिमन) आणून दिली. दुकानातले काकी मला आवडले होते, म्हणून निःशंकपणे एक चावले, तर जीभ आणि टाळू अर्धा तास आवळल्यासारखे झाले. ही फळे खराब आहेत का? उरलेली सात टाकून देववत नाहीत.

उत्तर : फळे खराब नाहीत, ती वेगळ्या जातीची आहेत. काकीच्या दोन तऱ्हा असतात. ‘अमागाकी’ कडक असतानाच गोड लागते, तर ‘शिबुगाकी’ पूर्ण मऊ होईपर्यंत तुरट राहते. तिच्यातले विद्राव्य टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटते आणि त्यामुळे तोंड आवळून येते. काजूचे बोंडू खाताना घसा धरतो, त्यातलाच हा प्रकार. तुम्ही भंडाऱ्याच्या, म्हणजे टेंभुर्णी तुम्हाला ठाऊक असणार. ज्या झाडाच्या पानांच्या विड्या वळतात ते आणि काकी एकाच प्रजातीतले, म्हणून ही ओळख तशी अगदीच नवी नाही.

चपटे ते गोड आणि टोकदार ते तुरट, असा ठोकताळा अनेक जण सांगतात, पण त्यावर विसंबू नये. बिया नसलेली, चौकोनी वाटणारी ‘हिरातानेनाशी’ ही चपटी जातही मुळात तुरटच असते आणि बाजारात येण्यापूर्वी कार्बन डायऑक्साइडने तिचा तुरटपणा घालवलेला असतो. झाडावरून थेट आलेल्या फळावर हा संस्कार झालेला नसतो.

तो घरीही करता येतो. फळाच्या देठाकडची टोपी सुमारे ३५ टक्के मद्यार्क असलेल्या शोचू या जपानी मद्यात क्षणभर बुडवावी आणि फळे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर घरातच ठेवावीत. मद्यार्कापासून फळात ॲसिटाल्डिहाइड तयार होते, ते टॅनिनला बांधून अविद्राव्य करते, आणि मग तेच टॅनिन तोंडात असूनही जिभेला कळत नाही. कापल्यावर गरात तपकिरी ठिपके दिसले तर ते कीड समजून फेकू नका. ती बांधल्या गेलेल्या टॅनिनचीच खूण आहे. घरात मद्य नको असेल तर फळे सफरचंदासोबत पिशवीत ठेवून पार लिबलिबीत होऊ द्यावीत आणि चमच्याने गर खावा. मला स्वतःला हीच पद्धत अधिक आवडते, मात्र धीर हवा.

रिकाम्या पोटी पुष्कळ काकी खाणे टाळावे, कारण टॅनिनमुळे पोटात कठीण गोळा होऊ शकतो. जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांनी तर विशेष जपावे.

आजींना खरे सांगायला संकोच करू नका. आपल्या झाडाची जात त्यांना ठाऊक असणारच, आणि बहुधा त्यांनी ही फळे सोलून, दोरीला टांगून सुकवण्यासाठीच दिली असावीत. सुकलेल्या ‘होशिगाकी’वर चढणारी पांढरी भुकटी ही बुरशी नसून फळातलीच साखर असते. सुकवायचे कसे, हे त्यांच्याकडूनच शिकून घ्या. जाताना मात्र रिकाम्या हाताने जाऊ नका. भेटीची छोटीशी परतफेड करण्याची तिथे रीत आहे, आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत पाठवत नाहीत तशीच. बेसनाचे चार लाडू पुरेत.