पहिल्यांदाच खुनाच्या जागी जाणाऱ्या बीट मार्शलला

११२ च्या कॉलवर पोहोचलास की आधी हल्लेखोर आसपास नाही ना आणि पडलेला माणूस जिवंत आहे का, ते बघ. धुगधुगी असेल तर लगेच १०८. पुरावा त्यानंतर.

मग जागा बंद कर. रक्त दिसतं तेवढ्यालाच दोरी बांधणं ही नवख्यांची नेहमीची चूक. आरोपी पळाला तो जिना, पार्किंग, वाड्याचा बोळ, सगळं आत घे. पेठेत गर्दी बघता बघता जमते आणि पावलांचे ठसे तिथेच पुसले जातात. आत जायची वाट एकच ठेव, भिंतीच्या कडेने. आत गेलेल्या प्रत्येकाचं नाव आणि वेळ लिही, साहेबांचंही!

पंखा, दिवा, नळ आहेत तसेच राहू देत. कोयता उचलून बाजूला ठेवलास की मुठीवरचे ठसे बिघडले आणि तो मुळात कुठे पडला होता यावर कोर्टात वाद सुरू. घरातली चादरही मृतदेहावर टाकू नकोस, तिचे धागे चिकटतात.

साक्षीदार वेगवेगळे बसव, नाहीतर ऐकून ऐकून सगळ्यांची हकिकत एकच होते.

पंचनामा, नमुने, कलमं आत्ता डोक्यात घेऊ नकोस. ते तपासी अधिकारी आणि फॉरेन्सिकवाले बघतील. ते येईपर्यंत दोरीपाशी उभा राहा. जमेल तुला.